मैदानावरचे चित्त

शिकेल तो नवाब होईल आणि खेळेल तो वाया जाईल, अशा अर्थाची एक म्हण उत्तर भारतात पिढ्यान्‌पिढ्या मुलांना ऐकवली जाते. नवाबांच्याच लखनौमध्ये, अमौसी विमानतळापासून जवळ असलेल्या सरोजिनीनगरातील सैनिक शाळा मात्र १९६० पासून नेमक्या उलट श्रद्धेवर चालत आली आहे. देशातील ही पहिली सैनिक शाळा असून साताऱ्याची शाळा तिच्यानंतर वर्षभराने सुरू झाली. कारगिलच्या युद्धात १९९९ मध्ये हुतात्मा झालेले परमवीरचक्राचे मानकरी कॅप्टन मनोजकुमार पांडे याच शाळेचे विद्यार्थी होते. अशा शाळांत दिवस पहाटेच्या पीटीने उजाडतो, दुपारनंतर मैदानी खेळ सक्तीचे असतात आणि त्यानंतर मुले ‘प्रेप’ला, म्हणजे देखरेखीखालील स्वाध्यायाला, बसतात. शरीराने केलेले श्रम बुद्धीच्या खात्यावर जमा होतात, हे या दिनक्रमात गृहीत धरलेले आहे; ते कसे जमा होतात, हा मात्र तत्त्वज्ञानाचा प्रश्न आहे.

ॲरिस्टॉटलला हे गृहीतक मान्य झाले नसते. शरीर आणि बुद्धी यांना एकाच वेळी राबवू नये, कारण एकाचे श्रम दुसऱ्याला अडसर होतात, असे त्याने ‘पॉलिटिक्स’मध्ये म्हटले आहे. प्लेटोची भूमिका अधिक खोल आहे. त्याच्या मते व्यायामाचे शिक्षणही अखेर आत्म्यासाठीच असते, आणि केवळ व्यायाम करणारा जसा रानटी होतो तसा केवळ कलाविद्येत रमणारा दुबळा होतो.

या विचारातील सत्य खो-खोच्या मैदानावर डोळ्यांनी पाहता येते. आठ खेळाडू मधल्या रेषेवर, एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंड करून, बसलेले असतात; पळणारा गडी हाताच्या अंतरावरून गेला तरी मागून ‘खो’ मिळेपर्यंत उठायचे नसते, आणि उठल्यावर एकदा धरलेली दिशा खांब गाठेपर्यंत बदलता येत नाही. उसळून आलेली प्रेरणा आवरणे, नियम ध्यानात ठेवणे आणि परिस्थिती पालटताच बेत पालटणे, या तीन शक्तींना मानसशास्त्र ‘कार्यकारी क्षमता’ म्हणते. गणिताचे लांबलचक उदाहरण सोडवणाऱ्या मुलाला याच लागतात. अर्थात, संघातली मुले अभ्यासातही पुढे दिसतात एवढ्यावरून खेळ हेच त्याचे कारण ठरत नाही. सकस आहार, घरची स्थिती आणि संघनिवडीतली चाळणी यांचाही त्यात वाटा असू शकतो.

शिवाय हा हिशेब त्याच वर्षाच्या गुणपत्रिकेत मिटतो असेही नाही. लोकमान्य टिळकांनी डेक्कन कॉलेजातील पहिले वर्ष शरीर कमावण्यात घालवले आणि परीक्षेच्या दृष्टीने ते वाया गेले. पुढे त्यांनी गणितात पहिल्या वर्गाची पदवी मिळवली, मंडालेच्या तुरुंगात ‘गीतारहस्य’ लिहिले आणि सुटकेनंतर, १९१६ च्या डिसेंबरात, लखनौ काँग्रेसमध्ये ते अग्रभागी होते. तुरुंगवास सोसण्याची ताकद त्या कमावलेल्या शरीराने दिली, असे त्यांच्याविषयी नेहमी सांगितले जाते, आणि ते पटण्याजोगे आहे. त्यांच्या ग्रंथाचा विषय निष्काम कर्मयोग, म्हणजे फळाची आसक्ती न धरता कर्म करणे, हा असावा, हे येथे विशेष अर्थपूर्ण वाटते.

कारण खेळाची खरी अडचण फळाशीच निगडित आहे. वेदान्ताने ईश्वराच्या सृष्टिनिर्मितीला लीला म्हटले, ते ती कोणत्याही उणिवेच्या पूर्तीसाठी केलेली नसल्यामुळे. माणसाचा खेळ त्या पूर्णतेला पोचत नसला तरी खेळणारा जोवर खेळातच असतो तोवर त्याचे चित्त एकवटते, आणि अभ्यासाला उपयोगी पडते ते हे एकवटणेच. गुण वाढावेत म्हणून खेळणाऱ्याचे अर्धे लक्ष गुणांकडे लागलेले असते. महाराष्ट्रात दहावी-बारावीला खेळाडूंना मिळणारे वाढीव गुण हा त्यांच्या कष्टांचा न्याय्य सन्मान आहे, परंतु शाळा आणि पालक खेळाची किंमत तेवढ्यावरच करू लागतात तेव्हा स्पर्धेच्या विशिष्ट पातळीपर्यंत न पोचणाऱ्या मुलांसाठी मैदानाला काही कारणच उरत नाही, आणि दहावीच्या वर्गात पीटीचा तास बिनदिक्कत गणिताला दिला जातो. वस्तुतः चौकात बसून ‘खो’ची वाट पाहणाऱ्या, कधीही जिल्ह्याच्या संघात न गेलेल्या मुलाचे चित्तही तितकेच आवरले जात असते, आणि असा तास काढून घेतला जातो तो बहुतेक वेळा त्याच्याकडूनच.