सन २८७१चा जानेवारी

तळोद्यात मामांचं स्टेशनरीचं दुकान. त्यांचा छंद मात्र वेगळा: आसपासच्या यात्रा-बाजारांची वेबसाइट. दिवाळीतली अस्तंब्याची यात्रा, दत्तजयंतीचा सारंगखेड्याचा घोडेबाजार, होळीआधीचे गावोगावचे भोंगऱ्या बाजार, काठीची राजवाडी होळी. सगळ्या तारखा एका कॅलेंडर प्लगइनमध्ये.

भोंगऱ्याच्या तोंडावर साइट रुतली. डेटाबेसवर भार फार, मोठा प्लॅन घ्या, असा होस्टिंगवाल्यांचा मेल आला. मामा उलट खूश! दुकानाबाहेर त्यांचा फलक होताच: ‘साइटला रोज हजारो भेटी. जाहिरातीसाठी आत विचारा.’

नाशिकला शिकणारी भाची होळीसाठी आली होती. पैसे भरण्याआधी तिने सर्व्हरचा लॉग उघडला.

“मामा, सन २८७१च्या जानेवारीत तळोद्यात काय आहे?”

“म्हणजे?”

“कुणीतरी ते पान पाहून गेलंय. आता फेब्रुवारीत आहे.”

ती माणसं नव्हती. सर्च इंजिनांचे बॉट होते. प्रत्येक पानावर ‘पुढचा महिना’ ही लिंक, आणि कॅलेंडरला शेवट नाही. बॉट आपले चालतच राहिले. रिकाम्या महिन्यासाठीसुद्धा प्लगइन दर वेळी डेटाबेसला नव्यानं विचारायचा.

भाचीनं भिंतीवरच्या कालनिर्णयकडे बोट दाखवलं. “१९७३पासून छापतायत. दसरा कधी, हे विचारायला कुणी मुंबईला फोन करतं का?”

तिनं पुढच्या बारा महिन्यांपलीकडची पानं बंद केली. रोबोट्स.टीएक्सटी या फाइलमध्ये बॉटना तिथं जायला मनाई लिहिली. ती सगळेच पाळत नाहीत, म्हणून कुलूप सर्व्हरवरही हवंच. उरलेली पानं एकदा तयार करून कॅशमध्ये ठेवली. रोज बदलायचा तो फक्त आजच्या तारखेभोवतीचा रंग. तेवढं काम तिनं पाहणाऱ्याच्या मोबाइलवर सोपवलं.

मामा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “आणि बाजाराचा दिवस बदलला तर? जुनं पान बघून माणसं उगाच डोंगर उतरतील.”

प्रश्न अगदी मुद्द्याचा होता. कॅशिंग सुरू करून मोकळे होणाऱ्या कितीतरी जाणकारांना तो सुचत नाही. मामांनी नोंद बदलली की त्या महिन्याचं साठवलेलं पान आपोआप पुसलं जाईल, अशी सोय भाचीनं केली. जुन्याच प्लॅनवर साइट पळू लागली.

भेटींचा आकडा मात्र कोसळला. बॉट वगळले, तर दिवसाला शंभरही माणसं भरेनात. मामांनी फलक उतरवला, ‘हजारो’ खोडून खरा आकडा लिहिला आणि पुन्हा लावला.

संध्याकाळी एक कापडवाला तो वाचून आत आला. “एवढेच?”

“एवढेच. पण सगळे बाजाराला येणारे.”

त्यानं घासाघीस करून दर निम्म्यावर आणला आणि होळीपुरती जाहिरात दिली.