गळ टाकणारा पेत्र

शास्त्रवाचन : मत्तय 17:24-27



शुभवर्तमानांत मासेमारीचे प्रसंग अनेक आहेत. परंतु गळाने मासा धरण्याचा प्रसंग संपूर्ण नव्या करारात एकच आहे, आणि तो वर दिलेल्या चार वचनांत आहे. भाषांतर करणाऱ्यास हा भेद चटकन जाणवतो. पेत्र व अंद्रिया ह्यांना प्रभूने बोलावले तेव्हा त्यांच्या हाती 'अँफिब्लेस्ट्रॉन' होते. हे फेकून टाकायचे गोल जाळे, म्हणजे आपल्या कोकणातला पाग. तेराव्या अध्यायातील दाखल्यात 'सागेने' हा शब्द येतो. ते किनाऱ्याकडे ओढून आणायचे लांब जाळे. मालवणकडचा वाचक त्याला रापण म्हणून लगेच ओळखील. गळासाठी मात्र 'अँकिस्ट्रॉन' असा निराळा शब्द आहे, आणि तो पुन्हा कोठेही येत नाही.

हे लिखाण भिलाईच्या कोहका भागातून होत आहे. समुद्र येथून शेकडो किलोमीटर दूर. तरीही येथील तळ्याच्या काठी बसलेला मुलगा आपल्या गळाला छत्तीसगढीत 'गरी' म्हणतो, आणि कोकणच्या खडपावर उभा असलेला मनुष्यही आपल्या गळाला 'गरी'च म्हणतो. हे शहर पोलादाचे. 1959 साली येथली पहिली झोतभट्टी पेटली, आणि येथे घडलेल्या रुळांवरून देशभर आगगाड्या धावतात. त्या लोखंडाच्या मानाने गळ तो केवढा! बोटाच्या पेराएवढी वाकवलेली तार. प्रभूने पेत्राच्या हाती दिली ती हीच क्षुद्र वस्तू.

गळाची मासेमारी कशी असते ते कोकणात पाहावे. रत्नागिरीचा रत्नदुर्ग ज्या भूशिरावर उभा आहे, किंवा हरिहरेश्वरचा डोंगर जेथे समुद्राला भिडतो, तेथे वाळू नाही. काळा कातळ थेट पाण्यात उतरतो. अशा ठिकाणी जाळे ओढता येत नाही. ते खडकांत फाटते. होडी जवळ आणता येत नाही. ती आपटून फुटते. पावसाळ्यात, जून व जुलै ह्या दोन महिन्यांत, यांत्रिक नौकांना समुद्रात जाण्याची बंदी असते. तेव्हाही खडकावर कोणीतरी दोरी, शिशाचे वजन आणि कोळंबीचे आमिष घेऊन उभा दिसतो. कपारीत राहणारी तांबोशी किंवा गोब्रा मिळाला तर एकच मिळतो. कित्येकदा गरीच फटीत अडकते आणि दोरी तोडून द्यावी लागते.

त्या उभे राहण्याला शिस्त आहे. भरती रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा येते, हे ध्यानी ठेवावे लागते. अमावास्या-पौर्णिमेचे उधाण आणि अष्टमीच्या सुमाराचा भांग ह्यांतला फरक कळावा लागतो. शेवाळलेल्या दगडावर पाय कोठे ठेवावा, आणि पाठीमागची वाट पाण्याखाली जाण्याआधी कधी परतावे, हे ज्याला कळत नाही त्याला तो खडक क्षमा करीत नाही. समुद्राकडे पाठ करून उभे राहू नये, हा तेथला पहिला धडा आहे.

आता कफर्णहूमला येऊ या. त्या गावाचे अवशेष आजही गालील सरोवराच्या काठी काळ्या अग्निजन्य दगडाचे उभे आहेत. आपल्या सह्याद्रीचा पाषाणही त्याच जातीचा. तेथे मंदिरपट्टी गोळा करणारे पेत्राला गाठतात आणि विचारतात की, तुमचा गुरू पट्टी भरतो की नाही? ही पट्टी माणशी दोन द्राख्मा, म्हणजे मजुराची साधारण दोन दिवसांची मजुरी. पेत्र "हो" म्हणून मोकळा होतो, पण जवळ पैसा असल्याचा उल्लेख नाही. घरात येताच प्रभू स्वतः विषय काढतो. राजे आपल्या पुत्रांकडून कर घेत नाहीत. मग पित्याच्या घरासाठी पुत्राने पट्टी का द्यावी? तो मोकळाच आहे. तरीही त्या लोकांना अडखळण होऊ नये म्हणून तो ती भरतो.

ह्यातून तीन गोष्टी आपण मनावर घेऊ या.

पहिली गोष्ट, हक्क सोडण्याची. 'मला हे बंधनकारक नाही' हे वाक्य बहुधा भांडणाच्या आरंभी येते. प्रभूच्या मुखात त्याच अर्थाचे बोलणे भांडण मिटविण्यासाठी येते. आपल्या मंडळ्यांत वर्गणीवरून, जागेवरून, मानपानावरून किती घरे एकमेकांपासून तुटली आहेत! त्यांतील पुष्कळांची बाजू खरी असेल. परंतु ज्याचा हक्क सर्वांत मोठा होता त्याने तो बाजूस ठेवला, हे विसरून चालेल काय?

दुसरी गोष्ट, आज्ञापालनाची. पेत्र हा जाळ्यांचा धनी. एका रात्रीत होडी भरणारा मनुष्य. त्याला एक गळ घेऊन एका माशासाठी काठावर पाठविणे म्हणजे मोठ्या गवंड्याला एक वीट रचावयास सांगणे. आणि एक विशेष पाहा : मासा मिळाला, नाणे सापडले, पट्टी भरली, असे मत्तय लिहीतच नाही. वृत्तांत आज्ञेपाशी थांबतो. आपल्यापैकी कित्येकांचे जीवन ह्याच जागी उभे आहे. आजाऱ्याची सेवा चालू आहे, मुलासाठी प्रार्थना चालू आहे, नोकरीचा अर्ज गेला आहे. उत्तर आलेले नाही. विश्वासूपणा त्या न लिहिलेल्या ओळीच्या अलीकडे असतो.

तिसरी गोष्ट, आमिषाची. आपण लोकांना आमिष दाखवितो, असे आपल्याविषयी बोलले जाते. ते ऐकून नुसते रागावू नये; शास्त्र उघडावे. हबक्कूकाच्या पहिल्या अध्यायात माणसांना गळाने ओढणारा कोण आहे? जुलमी शत्रू. प्रभूने गळ दिला तो नाण्यासाठी, माणसांसाठी नव्हे. लूक 5:10 मध्ये पेत्राला माणसे धरणारा होशील असे वचन मिळते, तेथील मूळ क्रियापदात 'जिवंत धरणे' हा अर्थ आहे. गळाचा मासा फसून येतो आणि मरतो. सुवार्तेने आलेला मनुष्य जाणून येतो आणि जगतो. म्हणून जेथे उपकाराच्या आत गळ लपविला जातो, तेथे सुवार्ता उरत नाही. शेजाऱ्याला औषध द्यावे ते तो आजारी आहे म्हणून, दुसऱ्या कोणत्याही हेतूने नव्हे.

शेवटी त्या नाण्याकडे पाहू या. ते 'स्टाटेर' होते, चार द्राख्मांचे. दोघांच्या पट्टीइतके, एक पैसाही कमी नाही, एक पैसाही अधिक नाही. प्रभूने ते स्वतःसाठी आणि पेत्रासाठी मिळून द्यावयास सांगितले. ज्याच्यावर ऋण नव्हते तो ऋणकऱ्याच्या नावाशेजारी आपले नाव लिहवून घेतो. पुढे वधस्तंभावर जे घडावयाचे होते त्याची चाहूल ह्या लहानशा हिशेबात लागते.

वाचकहो, आपल्या हाती जाळे नसेल, गळच असेल. खडक निसरडा असेल आणि लाट मोठी असेल. तरी समुद्राकडे पाठ करू नका, आणि ज्याने पाठविले त्याच्याकडेही करू नका.

प्रार्थना : हे प्रभो, आमच्या हातची लहान वस्तू तुझ्या आज्ञेने वापरावयास आम्हांस शिकव. आमचा हक्क दुसऱ्याच्या वाटेतील धोंडा होऊ देऊ नकोस. उत्तर येईपर्यंत आम्हांस उभे ठेव. आमेन.