एकाच बाकावर

गेल्या नाताळात कॅलिफोर्नियात स्थायिक झालेले आमच्या धर्मग्रामातील एक जोडपे सुट्टीसाठी गावी आले होते. मिस्सानंतर ते आम्हांला भेटावयास आले. मुलीची चौकशी करताच आईचा चेहरा उतरला. "काय सांगू फादर, युनिव्हर्सिटीत जायचे सोडून कम्युनिटी कॉलेजात गेली. आणि विषय कोणता, तर क्रिमिनल जस्टिस! पोलीस-तुरुंगाचा अभ्यास." वडील इतका वेळ गप्प होते. ते म्हणाले, "विषयाचे राहू द्या. वर्गात तिच्या शेजारी कोण बसतो ते विचारा." तिच्या शेजारी एक चाळिशी उलटलेला गृहस्थ बसत होता आणि तो अकरा वर्षे तुरुंगात काढून आलेला होता.

(तिकडे बाक नसतात, सुट्या खुर्च्या असतात, असे मुलीने पुढे पत्रातून कळविले. तरीही आम्ही बाकच म्हणणार.)

आईचे दुःख थोडक्यात दूर करता येण्यासारखे होते. कम्युनिटी कॉलेज म्हणजे नापासांचा आसरा नव्हे. चार वर्षांच्या पदवीची पहिली दोन वर्षे तेथे करावयाची, सुमारे साठ क्रेडिट जमवून असोसिएट पदवी घ्यावयाची आणि उरलेला अभ्यास विद्यापीठात पुरा करावयाचा, असा हा सरळ मार्ग आहे. कॅलिफोर्नियात राज्यातील रहिवाशांना २०१२ पासून एका क्रेडिटला ४६ डॉलर पडतात. म्हणजे दोन वर्षांची शिकवणी तीन हजार डॉलरच्या आत होते. मात्र पाऊल जपून टाकावे लागते. एक असोसिएट पदवी थेट नोकरीसाठी असते, दुसरी विद्यापीठात पुढे जाण्यासाठी. पहिली घेऊन विद्यापीठाच्या दारी गेले, तर बरेच विषय मोजले जात नाहीत. २००४ ते २००९ या काळात महाविद्यालय बदललेल्या विद्यार्थ्यांचे सरासरी सुमारे ४३ टक्के क्रेडिट बुडाले, असा अंदाज अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २०१७ साली दिला होता. कॅलिफोर्नियाने २०१० साली कायदा करून विद्यापीठप्रवेशाची हमी देणारी वेगळी असोसिएट पदवी आणली. मुलीने तीच धरली होती. आईला एवढे पुरले.

वडिलांचा प्रश्न तसा मिटणारा नव्हता. न्याय शिकावयाचा तर कोणाच्या शेजारी बसून?

या कॉलेजांचा उगम इलिनॉय राज्यातील जोलिएट गावी झाला. १९०१ साली तेथील हायस्कूलचे मुख्याध्यापक जे. स्टॅन्ली ब्राऊन आणि शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांनी सहा विद्यार्थ्यांवर सुरुवात केली. याच जोलिएटमध्ये १८५८ साली उघडलेला एक प्रचंड तुरुंग होता. त्याच्या भिंती स्थानिक चुनखडीच्या असून त्या कैद्यांकडूनच बांधून घेतल्या होत्या. तो २००२ साली बंद झाला. म्हणजे शतकभर एकाच गावात एक दार सर्वांना उघडे होते आणि दुसरे बाहेरून बंद. दोन्ही दारांतून जाणारी माणसे बहुतेक एकाच थरातली, कष्टकऱ्यांची मुले. गुन्हा आणि शिक्षा यांचा अभ्यास पुढे अशाच कॉलेजांत रुजला, हे आम्हांला उचित वाटते.

तो रुजला मात्र पोलिसांच्या सोयीसाठी. बर्कलीचे पोलीसप्रमुख ऑगस्ट व्हॉल्मर यांचे स्वतःचे शालेय शिक्षण जेमतेमच होते. त्यांनी १९१६ साली कॅलिफोर्निया विद्यापीठात पोलिसांसाठी वर्ग सुरू करविले. १९६७ साली राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांच्या आयोगाने प्रत्येक पोलिसाकडे पदवी असावी हे ध्येय मांडले, पुढच्याच वर्षी कायदा झाला, पोलिसांच्या शिक्षणासाठी केंद्राचा पैसा आला आणि कम्युनिटी कॉलेजांत हा विषय भराभर पसरला. शिकलेला पोलीस हात उगारण्यापूर्वी विचार करील, अशी त्यामागे आशा होती. आपल्याकडे महाराष्ट्रात शिपायाच्या भरतीला बारावी पुरते. तेव्हा या आशेला हसण्याचा अधिकार निदान आपल्याला नाही.

परंतु शिकून माणूस न्यायी होतो काय? सेमिनरीत आम्ही तीस वर्षांपूर्वी संत थॉमस अक्वायनस घोकला. ज्याचे त्याला देण्याची स्थिर इच्छा म्हणजे न्याय, असे तो मानतो. त्याच्या कितीतरी आधी ॲरिस्टॉटलने सांगून ठेवले होते की, न्यायाची कृत्ये करीत करीतच माणूस न्यायी होतो. परीक्षेत ही उत्तरे आम्ही उत्तम लिहिली. पण ज्याचे त्याला देण्यासाठी 'तो' कोण हे आधी ठाऊक असावे लागते, ही गोष्ट आमच्या ध्यानात फार उशिरा आली. दर नाताळापूर्वी आम्ही कारागृहात जातो. पहिल्या वर्षी आम्ही प्रवचन तयार करून नेले होते. एका कैद्याने मध्येच विचारले, "फादर, तुम्ही आमच्यासाठी आलात की तुमच्यासाठी?" ते प्रवचन आम्ही पुन्हा कधी वापरले नाही.

उद्या ही मुलगी प्रोबेशन अधिकारी होईल. कुणाला मोकळे ठेवावे, कुणाला परत आत पाठवावे यावर तिच्या अहवालाचा परिणाम होईल. कायद्याची कलमे तिला विद्यापीठात अधिक चांगली शिकवतील. पण गृहपाठाची वही मागून घेणारा, गणिताला तिच्याइतकाच घाबरणारा, तुरुंगातून आलेला सहाध्यायी तिला तेथे सहजी भेटेल काय? फी जास्त, वय ठराविक, प्रवेश निवडक. तेथली गाळणी बारीक असते. या दोन वर्षांत तिच्या शेजारी जे बसले, त्याचे क्रेडिट कुठल्याही कागदावर येणार नाही.

येथेच थांबलो असतो तर फार सोपे झाले असते. त्या गृहस्थाचे काय? तो तिच्यासाठी धडा म्हणून तेथे बसलेला नाही. गंभीर गुन्ह्यात शिक्षा झालेल्यास अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने बंदूक बाळगता येत नाही. म्हणजे पोलिसाची नोकरी त्याला बंद. एकच पुस्तक, एकच परीक्षा, आणि निकालानंतर एकाला वर्दी मिळते, दुसऱ्याला मिळत नाही. १९९४ च्या कायद्याने कैद्यांचे पेल अनुदान काढून घेतले होते. ते १ जुलै २०२३ पासून, मान्यताप्राप्त अभ्यासक्रमांपुरते, परत मिळू लागले. म्हणजे शिकण्याचे दार उघडले, कामाचे बरेचसे अडलेलेच राहिले. ज्याने शिक्षा पुरी भोगली त्याचे देणे फिटले म्हणावे की नाही? समाजाला सावध राहण्याचा हक्क आहे, हे आम्ही नाकारीत नाही. कधीकधी बळी पडलेल्याच्या आईसमोर आम्हीही बसलो आहोत. तरीही देणे फिटल्यावर खाते उघडेच ठेवणारा सावकार आपल्या गावात कोणत्या नावाने ओळखला जात असे, ते जुन्या माणसांना आठवत असेल.

वडिलांना आम्ही एवढेच सुचविले, "त्यांना एकदा घरी जेवायला बोलवा." ते काही बोलले नाहीत. ईस्टरला मुलीचे पत्र आले. तिचा विद्यापीठातील प्रवेश निश्चित झाला आहे. तो गृहस्थ मात्र आणखी एक सत्र तेथेच आहे, गणित राहिले आहे म्हणून. जेवणाचे अजून जमलेले नाही. पण पप्पांनी परवा त्यांचे नाव विचारले, असे तिने तळाशी लिहिले आहे.