नोकराच्या खोट्यातील मालकाचा वाटा



काही महिन्यांपूर्वी जुमाच्या नमाजनंतर एक तरुण माझ्यापाशी थांबला. तो मोबाइलच्या दुकानात विक्रेता आहे. त्याने विचारले, "मौलाना, टार्गेट पूर्ण झाले नाही तर पगार कापला जातो. वस्तूचा दोष सांगितला तर गिऱ्हाईक उठून जाते. माझी कमाई हलाल आहे का?" खोटे बोलणे हराम आहे, एवढे सांगून मी त्याला निरोप दिला. उत्तर चुकीचे नव्हते, पण अर्धे होते. त्या दुकानाचे मालक त्याच दिवशी पहिल्या सफमध्ये बसले होते. त्यांना मी काहीच म्हणालो नाही. उरलेले अर्धे उत्तर आज लिहीत आहे.

पूर्वी दुकानदार स्वतः गल्ल्यावर बसे आणि गिऱ्हाइकाशी त्याची नजरानजर होई. आता दोघांच्या मध्ये पगारी विक्रेता, फोनचा पडदा आणि घरपोच माल पोहोचवणारा मुलगा उभा आहे. मालकाला रात्री फक्त आकडा दिसतो. आकडा वाढला की तो शाबासकी देतो, घटला की पगार कापतो. 'खोटे बोला' असे तो कधीच म्हणत नाही. पण खरे बोलणाऱ्याचे नुकसान आणि खोटे बोलणाऱ्याचा लाभ होईल अशी व्यवस्था त्यानेच उभारलेली असते. सहीह मुस्लिममधील हदीसचा आशय असा की, जो वाईट प्रथा सुरू करतो त्याच्यावर तिचा भार असतो आणि तिच्यावर चालणाऱ्यांचाही. त्यांचा भार मात्र यामुळे हलका होत नाही. म्हणजे तो तरुण सुटत नाही, पण मालकही सुटत नाही.

माणसाचे वर्तन मोबदल्याच्या रचनेनुसार वळते, हे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी पुरेपूर ओळखले होते. जकात वसुलीसाठी नेमलेला इब्नुल-लुतबिय्या परत आला आणि म्हणाला की, हे तुमचे आणि हे मला भेट मिळालेले. तेव्हा प्रेषितांनी (स.) मिंबरवरून विचारले की, तो आपल्या आई-वडिलांच्या घरी बसून राहिला असता तर या भेटी त्याच्याकडे आल्या असत्या काय? त्या एका माणसाचे निमित्त करून त्यांनी सर्वांसमोर नियमच स्पष्ट केला.

आता दुसरी बाजू पाहा. हजरत खदीजा (र.) मक्केतील मोठ्या व्यापारी होत्या. त्या स्वतः काफिल्याबरोबर जात नसत. विश्वासू माणसाच्या हाती माल देत आणि नफ्यात त्याला वाटा देत. मुहम्मद (स.) यांचा खरेपणा आणि अमानत यांची कीर्ती ऐकून त्यांनी शामच्या सफरीसाठी त्यांना निवडले आणि इतरांना देत त्याहून अधिक मोबदला देऊ केला. सोबत मैसरह होता. परतल्यावर त्याने नफ्याबरोबरच प्रवासात जे पाहिले तेही सांगितले. येथे अधिक मोबदला खरेपणासाठी होता, हे ध्यानात घ्या.

अशा भागीदारीला हनफी फिकहमध्ये मुदारबा आणि शाफई फिकहमध्ये किराद म्हणतात. नफ्याचे प्रमाण आधीच ठरलेले असते. कष्ट करणाऱ्याची कसूर नसताना तोटा आला, तर भांडवल भांडवलदाराचे बुडते आणि त्याचे केवळ श्रम वाया जातात. तोट्याचे ओझे गरिबाच्या खांद्यावर टाकून नफा मात्र आपल्याकडे ठेवण्याची मुभा मालकाला येथे मिळत नाही.

कमिशन देणे हा गुन्हा नव्हे. ते आधी ठरलेले आणि दोघांनाही स्पष्ट असावे. परंतु बंधूंनो, ज्यांच्या हाताखाली चार माणसे काम करतात त्यांनी आज रात्री आपली वही उघडावी आणि स्वतःला काही प्रश्न विचारावेत. दोष सांगितल्यामुळे विक्री हुकली, तर तो दंड माझ्या माणसाला बसतो काय? परत आलेल्या मालाची किंमत त्याच्या पगारातून कापली जाते काय? टार्गेट हुकले तरी त्याच्या घरी चूल पेटेल इतके वेतन निश्चित आहे काय? समाधानाने पुन्हा येणाऱ्या गिऱ्हाइकाबद्दल मी त्याला कधी काही दिले आहे काय?

बाजारातील धान्याच्या राशीत प्रेषितांनी (स.) हात घातला, तेव्हा बोटांना ओल लागली. पावसाने भिजले, असे विक्रेत्याने सांगितले. मग भिजलेले वर का ठेवले नाही, असा त्यांचा प्रश्न होता; आणि फसवणारा आपल्यातला नाही, असा त्यांचा निर्णय होता. आज त्या राशीपाशी मालक नसतो, त्याचा पगारी मुलगा उभा असतो. ओलसर धान्य वर ठेवण्याची हिंमत त्या मुलाला कोण देणार?

त्या मालकांना मी आता भेटणार आहे. ते मशिदीला सढळ हाताने देतात, म्हणून माझी जीभ अडखळली होती, हेही कबूल करतो. माझ्या गप्प राहण्यालाही एक मोबदला होता.

अल्लाह आम्हाला खरे बोलण्याची आणि खरे बोलणाऱ्याचे पोट सांभाळण्याची तौफीक देवो. आमीन.