आधीच तुटलेला होता

पुलाला भेग सापडली की काम करणाऱ्यांचा खुलासा ठरलेला असतो: काम आमच्याकडे आलं तेव्हाच भेग होती. नेमका हाच खुलासा या आठवड्यात मी एका गॅरेजात उभ्याउभ्या ऐकला. तिथे प्रश्न सहा मिलिमीटरच्या एका स्क्रूचा होता.

शेजारच्या काकांची बजाज चेतक ऐंशीच्या दशकातली आहे. नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघायच्या काळातली. नुकतंच तिचं इंजिन 'फुल्ल रिस्टोअर' झालं. (हा शब्द उच्चारणाऱ्या माणसाच्या हातात नेहमी ॲडजस्टेबल पाना असतो, हे माझं जुनं निरीक्षण.) पंधरवड्यात क्लचच्या झाकणाखालून ऑइल गळायला लागलं. दुसऱ्या मेकॅनिकने पुसून पाहिलं, तर एका स्क्रूचं नुसतं डोकंच हातात आलं. खाली एम-सील, आणि त्याखाली केसिंगमध्ये अडकलेला तुटका दांडा. वरून चंदेरी रंगाचा हात.

पहिल्या गॅरेजवाल्याने शांतपणे सांगितलं, "आधीच तुटलेला होता."

असेल. मग डोकं कोणी चिकटवलं? तेही आधीच चिकटलेलं होतं? आणि रंग? बरं, आधी म्हणजे कधी? स्क्रू आकुर्डीच्या कारखान्यातच तुटला होता, की १९६० साली बजाजने पिआज्जिओकडून व्हेस्पाचा परवाना घेतला तेव्हा कागदपत्रांबरोबर तोही तुटक्या अवस्थेत इटलीहून आला? १९७१ साली तो करार संपला, १९७२ साली चेतक आली, २००९ साली बजाजने स्कूटर बनवणं बंद करायचं ठरवलं, २०२० साली चेतक विजेवर परत आली. एवढं सगळं घडेपर्यंत हा स्क्रू बापडा तुटक्या अंगाने झाकण धरून बसला आणि नेमका यांच्या गॅरेजात येऊन गळाला! 'आधीच' हा फार सोयीचा काळ आहे. तिथे कोणाचीच ड्युटी नसते. बाकी 'गिऱ्हाइकाला घाई होती', 'ओरिजिनल सामान मिळत नाही' वगैरे नेहमीचं झालंच.

स्क्रू तुटणं हा गुन्हा नाही. पोलादाचा स्क्रू ॲल्युमिनियमच्या केसिंगमध्ये चाळीस वर्षं बसला, त्यात पावसाचं पाणी गेलं, की दोन धातूंमध्ये गंज धरतो आणि आटे जाम होतात. चांगल्यातल्या चांगल्या हाताखालीही तो तुटतो. खरी परीक्षा पुढे. मुरणारं तेल सोडून रात्रभर थांबायचं. केसिंग सगळीकडून सारखं तापवायचं, कारण ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं आणि पकड ढिली होते. दांडा वर डोकावत असेल तर त्यावर नट वेल्ड करून फिरवायचा. आत असेल तर बरोबर मधोमध सेंटर पंच, मग उलट्या पिळाचं ड्रिल. कधीकधी त्या ड्रिलबरोबरच तुकडा फिरत बाहेर येतो. मधोमध म्हणजे मधोमध, कारण ड्रिल पोलादावरून घसरून मऊ ॲल्युमिनियममध्ये शिरलं की भोक वाकडं झालंच. तुकडा पिळून बाहेर काढणारा एक्स्ट्रॅक्टर अगदी शेवटी. तो इतका कडक असतो की आत मोडला तर साधं ड्रिल त्याला ओरखडाही काढत नाही. मग केसिंग घेऊन भोसरीत ठिणग्यांनी धातू झिजवणाऱ्या स्पार्क इरोजनवाल्याचं दार गाठायचं. आटे गेलेच तर भोक मोठं करून हेलिकॉइल बसवायची; ती पोलादी वेटोळी मूळच्या ॲल्युमिनियमच्या आट्यांपेक्षा टिकाऊ ठरते.

या सगळ्यात एक दिवस जातो, आणि ॲडजस्टेबल पान्याचा उपयोग कुठेच होत नाही, हे जाता जाता नोंदवतो.

तो दिवस द्यायचा नसेल तर नका देऊ. पण मग भोक उघडं ठेवा, गिऱ्हाइकाला बोलावून दाखवा, बिलावर लिहा. चिकटवलेलं डोकं म्हणजे पुढच्या माणसाशी केलेली लबाडी आहे. तो बिचारा झाकण सगळ्या स्क्रूंनी धरलंय या विश्वासावर गाडी रस्त्यावर काढतो.

आता हेही खरं, की 'माझ्या हातून तुटला' म्हणणाऱ्या मेकॅनिकचे पैसे आपण कापतो, आणि 'आधीच तुटलेला होता' म्हणणाऱ्याला पूर्ण देतो, वर चहा पाजतो. आपणच लावलेली सवय. चालायचंच.

दुसऱ्या मेकॅनिकने तुकडा काढायचा खर्च सांगितला, तेव्हा काका म्हणाले, राहू दे, परत चिकटव. गाडी त्यांनी आता विकायला काढली आहे. जाहिरातीचा मजकूर तपासायला त्यांनी माझ्याकडे दिला. त्यात ठळक अक्षरांत आहे: इंजिनला हात लावलेला नाही. शुद्धलेखन मात्र अचूक आहे.