लग्नानंतर सुरू होणाऱ्या गोष्टी

रीजन्सी काळातली प्रेमकादंबरी हाती घेतली की कोण कोणाशी लग्न करणार, हे पहिल्या वीस पानांतच कळतं. इंग्लंडचा तिसरा जॉर्ज भ्रमिष्ट झाला आणि 1811 ते 1820 त्याच्या मुलाने त्याच्या वतीने राज्य चालवलं, त्या दशकातला एखादा सरदार, एखादी चटपटीत बोलणारी मुलगी, नाचाचे समारंभ, गैरसमज आणि लग्न. जेन ऑस्टिनचा हा वर्तमानकाळ होता. जॉर्जेट हेयर या लेखिकेने 1935 साली ‘रीजन्सी बक’ लिहिली आणि त्या काळाचं एक स्वतंत्र कथाविश्व उभं राहिलं. पुढे काय होणार याची उत्सुकता नसूनही आपण तीनशे पानं वाचतो, कारण ती दोघं आवडलेली असतात आणि त्यांच्यात बसावंसं वाटतं. निव्वळ सोबतीसाठी पुस्तक वाचणं आपल्याकडे हलकं मानतात. मानोत बापडे.

पण या कादंबऱ्यांनी एक समजूत पक्की केली, की प्रेमाची गोष्ट लग्नापाशी संपते. मराठीत ना. सी. फडक्यांनी ती घरोघर पोचवली. त्यांचे नायक-नायिका कॉलेजात, सहलीत भेटतात, रुसतात, जुळवतात. 1930 च्या आसपास हे वाचणाऱ्या बहुतेकांची लग्नं मात्र वडीलधाऱ्यांनी ठरवलेली. म्हणजे प्रेम पुस्तकात आणि संसार घरात, अशी वाटणी झाली. संसारातही काही कथा असेल, हे त्या वाटणीत बसेना.

गंमत अशी की हेयरनेच ही वाटणी मोडली. 1961 सालच्या तिच्या ‘अ सिव्हिल कॉन्ट्रॅक्ट’चा नायक अॅडम युद्धावरून परततो तेव्हा वडील गेलेले असतात आणि जमीनजुमला कर्जात बुडालेला असतो. मन एकीवर असताना तो लंडनच्या एका गडगंज व्यापाऱ्याच्या मुलीशी, जेनीशी लग्न करतो. जेनी दिसायला साधी, बोलायला स्पष्ट, घर चालवण्यात तरबेज. पुढची सगळी कादंबरी जेवणखाण, सासऱ्याची दिलदार पण अंगावर येणारी मदत आणि शेतीसुधारणा यांची. हेयरच्या कित्येक चाहत्यांना ती आवडत नाही, यात प्रेम कुठे आहे म्हणतात. मला तर तिच्याइतकी आपली वाटणारी रीजन्सी कादंबरी दुसरी सापडली नाही. स्थळ पाहून, घराची गरज बघून झालेलं लग्न आणि मग हळूहळू पडत गेलेली सवय. तिला प्रेम म्हणायचं की नाही, हे शेवटीही कोणी ठासून सांगत नाही.

त्या कादंबरीत वॉटर्लूच्या वेळी लंडनच्या बाजारात घबराट होते, तेव्हा अॅडम आपल्या सेनापतीवर भिस्त ठेवून सरकारी रोखे विकत घेतो. तो सेनापती वेलिंग्टन. नगरकरांना तो आर्थर वेलस्ली म्हणून ठाऊक आहे. 8 ऑगस्ट 1803 ला त्याने नगरची पेठ घेतली आणि 12 ऑगस्टला किल्ला. खुद्द त्याची कथा रीजन्सी साच्याला अगदी फिट बसणारी: किटी पॅकनहॅमला मागणी घातली तर तिच्या घरच्यांनी या कफल्लकाला नाकारलं, तो हिंदुस्थानात आला, नाव-पैसा कमावून परतला आणि 1806 साली तिच्याशीच लग्न केलं. कादंबरी इथे संपली असती. संसार मात्र दोघांनाही सुखाचा झाला नाही.

‘अ सिव्हिल कॉन्ट्रॅक्ट’नंतर वर्षभरात, 1962 साली, रणजित देसाईंची ‘स्वामी’ आली. माधवराव पेशवे आणि रमाबाईंचं लग्न लहानपणीच झालेलं, त्यामुळे प्रेमाला जागा उरते ती लग्नानंतरच. वाचक त्या जोडीवर इतके लुब्ध झाले याचं कारण मला पेशवाईपेक्षा शनिवारवाड्यातल्या त्या दोघांच्या बोलण्यात दिसतं. पण खऱ्या माणसांचा शेवट लेखकाच्या हातात नसतो. 1772 साली थेऊरला माधवरावांना आलेलं मरण प्रत्येक पानामागे उभं असतं. आवडत्या जोडीची काळजी करत वाचण्याची ही रीत रीजन्सीत नाही.

दोघंही आवडतील, भांडतील आणि शेवटाची धास्ती लागणार नाही, अशी जोडी मराठीत शोधायची तर कादंबरीबाहेर यावं लागतं. लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ 1934 पासून भागाभागाने आलं. 1880 साली लग्न झालं तेव्हा त्या अकरा-बारा वर्षांच्या. 1895 साली त्यांचे पती ना. वा. टिळक ख्रिस्ती झाले आणि नवरा-बायको काही वर्षं वेगळे राहिले. मग त्या नगरला आल्या. सोवळं सांभाळत, स्वतःचं वेगळं रांधत त्या नवऱ्याच्या जगात पुन्हा शिरल्या. नगर, राहुरी, घरात कवींचा राबता, बालकवी मुक्कामाला, टिळकांचा राग, त्यांचा सढळ हात आणि त्यापायी बाईंची होणारी ओढाताण. हेयरची कुठलीही नायिका लक्ष्मीबाईंपुढे बोलण्यात टिकणार नाही. शिवाय त्या भांडणांची हकिकत आपल्याला बहुतेक एकाच बाजूने कळते, तरी टिळकांचा राग येत नाही. बाईंनी त्यांचे हट्ट, विसरभोळेपणा, संताप यांतलं काही लपवलेलं नाही. स्वतःची फजितीही त्याच खुशीत सांगितली आहे.