मांजराचा खेळ

'मांजराचा होतो खेळ आणि उंदराचा जातो जीव' ही म्हण ऐकताना आपलं मन आपोआप उंदराकडे असतं. 'द कॅट अँड द कू' हा छोटा व्हिडिओ गेम आपल्याला मांजराच्या जागी बसवतो. पीटर ब्रिन्सन आणि कुरोश वलानेजाद यांनी केलेला हा २०११ सालचा गेम म्हणजे खेळता येणारा माहितीपट आहे. त्यात मी असतो इराणचे पंतप्रधान मोहम्मद मोसादेघ यांचं मांजर.

ब्रिटिश कंपनीच्या हाती असलेल्या इराणी तेलाचं १९५१ मध्ये मोसादेघ यांच्या पुढाकाराने राष्ट्रीयीकरण झालं. १९ ऑगस्ट १९५३ रोजी अमेरिका आणि ब्रिटनच्या हेरखात्यांनी घडवून आणलेल्या उठावात त्यांचं सरकार पडलं. तीन वर्षं तुरुंगवास, मग अहमदाबाद नावाच्या इराणमधल्याच एका गावात नजरकैद, आणि १९६७ मध्ये मृत्यू.

गेम हे आयुष्य उलट क्रमाने, इराणी लघुचित्रांच्या शैलीत दाखवतो. पुढचं चित्र पाहायचं तर प्रत्येक खोलीतलं कोडं सोडवायचं: फळीवरच्या वस्तू पाडायच्या, कागद विस्कटायचे, दिव्यावर उडी मारायची, म्हाताऱ्याला ओरबाडायचं. कोडं सुटलं की बरं वाटतं. प्रश्न आहे तो या बरं वाटण्याचा.

मांजर निर्दोष आहे, कारण त्याला काही कळत नाही. मला मात्र दोन-तीन खोल्यांतच कळतं की हा माणूस कोण आणि त्याचं काय झालं. तरी मी थांबत नाही. कुणी म्हणेल, इतिहास घडून गेलाय, तुझ्या बोटांनी त्यात काय फरक पडणार? खरं आहे. मी कुणाचं नुकसान केलेलं नाही, त्यामुळे अपराधी वाटून घेणं हे ढोंगच होईल. पण माझ्या मनाची एक सवय मला दिसली. समोर कोडं आलं की मी 'कसं?' विचारतो, 'कशासाठी?' हा प्रश्न मागे पडतो.

ऑगस्ट १९५३ मध्ये उठावाचा पहिला प्रयत्न फसला, शहा देश सोडून पळाले. तेहरानमध्ये सूत्रं हलवणारे सीआयएचे अधिकारी कर्मिट रूझवेल्ट मात्र मागे हटले नाहीत. काही दिवसांतच पैसे देऊन जमवलेली माणसं रस्त्यावर उतरली. त्या गर्दीतल्या एखाद्याला आपण काय पाडतोय हे कदाचित ठाऊकही नसेल. रूझवेल्टना पुरतं ठाऊक होतं.

मांजर आणि रूझवेल्ट यांच्यामध्ये बरीच जागा आहे. आपल्यापैकी बहुतेकांची नोकरी, मत आणि मौन याच जागेत असतात: थोडं कळलेलं, आणि तरी चालू ठेवलेलं. माझ्या मते जबाबदारी हेतूपासून सुरू होत नाही. कळल्यानंतरच्या पहिल्या धक्क्यापासून होते. मांजराला ती सवलत जन्मभर आहे. आपल्याला फक्त पहिल्या दोन-तीन खोल्यांपुरती.